दात टेक्सासचे, फाइल पुण्यात

टेक्सासमधल्या दाताच्या दवाखान्यात सकाळी आठला पहिला पेशंट खुर्चीत बसतो, तेव्हा आमच्याकडे पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. त्या पेशंटच्या विम्याची कुंडली खराडीतल्या आमच्या फ्लोअरवर आदल्या रात्रीच मांडून झालेली असते. विमा कंपनी वर्षाला किती देणार, त्यातले किती उरलेत, मागचं क्लीनिंग कोणत्या तारखेला झालं, काढलेल्या दाढेच्या जागी नवा दात बसवायचा तर पैसे मिळणार का, हे सगळं आम्ही फोन करकरून विचारतो आणि एका फॉर्मवर भरून ठेवतो. उपचार झाले की त्यांचे क्लेम आम्हीच पाठवतो. नाकारले गेले की भांडतोही आम्हीच.

घरी समजावून सांगायला हे काम जरा अवघडच आहे. सासूबाई शेजारणींना सांगतात, "आमची सून अमेरिकेतल्या लोकांचे दात बघते." तसं पाहिलं तर खोटं नाही. मी बीडीएस आहे. हडपसरला एका सरांच्या क्लिनिकमध्ये काही वर्षं नोकरी केली. स्वतःचं क्लिनिक टाकायचं तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे आणि जागेचं डिपॉझिट, हे गणित काही जमेना. माझ्या बॅचमधले बरेच जण असेच बिलिंगच्या रात्रपाळीत आलेले आहेत. दात ओळखता येतात आणि एक्स-रे वाचता येतो, त्यामुळे कंपन्यांनाही आम्ही बरे पडतो.

फ्लोअरवर शिरताना मोबाइल लॉकरमध्ये जातो. वही, पेन, डायरी, साधी चिठ्ठीसुद्धा आत चालत नाही. फोनवर ऐकलेला आकडा टिपायला प्रत्येकाला एक छोटा पांढरा बोर्ड असतो, तो पाळी संपताना पुसायचा. कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लागत नाही, प्रिंटर नाही, आणि पाणी प्यायला उठलात तरी स्क्रीन लॉक करून उठायचं. नवी आलेली मुलं पहिल्या आठवड्यात या जागेला जेल म्हणतात, दुसऱ्या आठवड्यापासून काही म्हणत नाहीत. कारण तोवर त्यांच्या स्क्रीनवर काय काय येतं ते त्यांना कळलेलं असतं: माणसाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, नोकरी कुठे, विम्याचा नंबर, कधी कधी सोशल सिक्युरिटी नंबर, आणि पेशंटने पहिल्या भेटीत भरलेला आजारांचा फॉर्म. दातासाठी आलेला माणूस त्या फॉर्मवर बरंच काही लिहून जातो. नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत, दिवस गेलेत, एचआयव्ही आहे. भूल देण्याआधी डॉक्टरला हे माहीत असावंच लागतं. खराडीत बसलेल्या तिऱ्हाईताला ते माहीत असायची मात्र काही गरज नसते.

या सगळ्याच्या मुळाशी जो कायदा आहे त्याला तिकडे आणि आमच्याकडेही 'हिपा' म्हणतात. २१ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली. लोकांची समजूत अशी की हा गोपनीयतेचा कायदा. पण तो आला विम्यासाठी. नोकरी बदलली की माणसाचं विम्याचं छत्र जाऊ नये, हा एक हेतू. दुसरा हेतू असा, की हजारो विमा कंपन्या, प्रत्येकीचा फॉर्म वेगळा, कोड वेगळे, या गोंधळातून सुटून सगळ्यांचे क्लेम एकाच साच्यात कॉम्प्युटरवरून जावेत. मग प्रश्न उभा राहिला, की माणसाचे आजार तारांवरून धावायला लागले तर ते वाटेत कोण कोण वाचणार? गोपनीयतेचा कायदा करायला अमेरिकी काँग्रेसने स्वतःलाच तीन वर्षांची मुदत दिली होती. ती टळली, तेव्हा आरोग्य खात्याने नियम केले आणि १४ एप्रिल २००३ पासून ते बहुतेक सगळ्यांना लागू झाले. म्हणजे आधी क्लेम आला आणि त्याच्या पाठोपाठ गुपित राखण्याचा नियम. म्हणूनच आजही एखादा दंतवैद्य विम्याचे सगळे व्यवहार कागदावरच करत असेल, कॉम्प्युटरवरून काहीच पाठवत नसेल, तर तो हिपाच्या कक्षेतच येत नाही. असे दवाखाने आता शोधावे लागतील, पण कायद्याचा सांधा कुठे आहे ते यातून नीट दिसतं.

आता थोडं त्या विम्याबद्दल. अमेरिकेत दातांचा विमा आरोग्यविम्यापासून वेगळा. तोंड शरीराचाच भाग आहे हे तिथल्या विमा कंपन्यांना बहुधा कुणी कळवलेलं नाही. ६५ वर्षांवरच्यांसाठी असलेली सरकारी मेडिकेअर योजनाही दातांच्या नेहमीच्या उपचारांचे पैसे देत नाही. या विम्याची सुरुवात १९५४ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या युनियनने केली. त्यांना कामगारांच्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दातांची सोय हवी होती, म्हणून त्यांनी कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या दंतवैद्यांच्या संघटनांना गाठलं. आज घरोघरी माहीत असलेल्या डेल्टा डेंटलचं मूळ तिथलं.

साधारण पॉलिसीचा हिशेब असा असतो. तपासणी, एक्स-रे, क्लीनिंग यांचे १०० टक्के, फिलिंगसारख्या कामांचे ८० टक्के, कॅप, ब्रिज, कवळी यांचे ५० टक्के. ऐकायला झकास. पण वरती वर्षाची मर्यादा असते, आणि ती बऱ्याच पॉलिसींत अजून हजार, दीड हजार, फार तर दोन हजार डॉलर. एका दाढेचं रूट कॅनाल आणि त्यावरची कॅप झाली की वर्षाचा कोटा बहुधा संपतो. आपला मेडिक्लेम मोठ्या आजारात उपयोगी पडतो, छोट्या खर्चात नाही. यांचं नेमकं उलटं. माझ्या मते याला विमा म्हणणंच धाडसाचं आहे.

खरी गंमत बारीक अक्षरांत असते. 'वर्षातून दोन क्लीनिंग' आणि 'सहा महिन्यांतून एक क्लीनिंग' यांत काय फरक? पेशंटला वाटतं, काहीच नाही. १० जानेवारीला क्लीनिंग झालेला माणूस ८ जुलैला परत आला, तर पहिल्या पॉलिसीत पैसे मिळतात, दुसरीत क्लेम नाकारला जातो, दोन दिवसांसाठी. दुसरी मेख म्हणजे पॉलिसी घेण्याआधीच जो दात पडलेला आहे त्याच्या जागी काही बसवायचं तर एक पैसा मिळणार नाही, असं कलम. तिसरी म्हणजे मागच्या दाढेत दाताच्या रंगाचं फिलिंग केलं तरी कंपनी पैसे देणार चांदीच्या फिलिंगचे, वरचे पेशंटने भरायचे. कॅपचे पैसे काही कंपन्या दात कोरला त्या तारखेला देतात, बऱ्याच जणी कॅप प्रत्यक्ष बसवली त्या तारखेला. मधल्या दोन-तीन आठवड्यांत पेशंटची नोकरी सुटली तर काय होतं, ते तुम्हीच ओळखा.

हे सगळं फोनवर विचारायचं असतं. आधी होल्डवरचं संगीत, कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास. मग तिकडची मुलगी आधी माझीच झडती घेते: दवाखान्याचा टॅक्स आयडी, डॉक्टरचा दहा आकडी एनपीआय नंबर, पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याचा आयडी, पेशंटचं नाव, जन्मतारीख. जन्मतारखेत महिना आधी, दिवस नंतर. नावाची स्पेलिंगं 'बी फॉर बॉय' करत. यातलं एक जरी जुळलं नाही तरी ती पुढे एक शब्द बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. कुणीही उठून दवाखान्यातून बोलतोय म्हणालं आणि तिने माहिती दिली, तर नियमाला अर्थ काय?

कामाची भाषा कोडची. डी ०१२० म्हणजे नेहमीची तपासणी, डी १११० मोठ्या माणसांचं क्लीनिंग, डी २७४० सिरॅमिकची कॅप, डी ४३४१ हिरड्यांखालची खोल सफाई. हे कोड अमेरिकन डेंटल असोसिएशनचे, आणि कॉम्प्युटरवरून जाणाऱ्या क्लेममध्ये तेच वापरायचे असं हिपाने ठरवून दिलं आहे. दरवर्षी १ जानेवारीला नवी यादी लागू होते, त्यामुळे डिसेंबरमध्ये आमची शाळा भरते.

नव्या आलेल्या बीडीएस मुली कोडमध्ये अडत नाहीत, अडतात दातांच्या नंबरात. आपण कॉलेजात शिकतो त्या पद्धतीत १४ म्हणजे वरच्या उजव्या बाजूची पहिली छोटी दाढ. अमेरिकेत मोजणी वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून सुरू होते, वरून डावीकडे सोळापर्यंत जाते आणि खालच्या डावीकडून परत फिरत उजवीकडे बत्तीसला संपते. तिथे १४ म्हणजे वरच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. बाजूच बदलली! हातात दिसणारा एक्स-रे एका बाजूचा आणि क्लेमवरचा नंबर दुसऱ्या बाजूचा, असं झालं की विमा कंपनी क्लेम परत पाठवते.

गुपित आणि क्लेम यांची गाठ खरी कुठे पडते ते डी ४३४१ वर दिसतं. खोल सफाईचे पैसे हवेत तर हिरड्या दातांपासून किती मिलिमीटर सुटल्यात त्याचा तक्ता आणि हाड झिजलेलं दाखवणारा एक्स-रे जोडावा लागतो. सोपा मार्ग म्हणजे पेशंटची सगळी फाइल उचलून जोडून टाकायची, म्हणजे कंपनीने पुढे काही मागायला नको. नियम म्हणतो, असं करायचं नाही. पैसे मागण्यासाठी पेशंटची वेगळी परवानगी लागत नाही, पण कामापुरतं तेवढंच द्यायचं. तक्ता द्या, एक्स-रे द्या, नैराश्याच्या गोळ्यांचा फॉर्म फाइलमध्येच राहू द्या. एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरकडे उपचारासाठी माहिती पाठवली तर ही 'कामापुरतं'ची अट नाही, कारण तिथे राहून गेलेली गोष्ट जिवावर बेतू शकते. नियम करणाऱ्यांनी इथे डोकं चालवलंय हे मान्य करायला हवं.

जिथे लोक डोकं चालवत नाहीत ती जागा वेगळी. एकदा पेशंटांच्या बिलांच्या फोनवर एक बाई आल्या. मुलगा बावीस वर्षांचा, विमा वडिलांच्या नावावर, घरी बिल आलेलं. "हे तीनशे डॉलर कशाचे?" मी इंग्रजीतून सांगितलं की मुलाच्या संमतीची नोंद नाही, त्यामुळे उपचारांबद्दल मला बोलता येणार नाही. दोन वाक्यांत त्यांनी माझा हेल ओळखला आणि थेट मराठीवर आल्या. "अगं, तू पुण्याची का? मग सांग की! आम्ही सदाशिव पेठेतले." कॉल रेकॉर्ड होत होता. मी म्हटलं, "काकू, त्यालाच फोन करायला सांगा ना." त्या म्हणाल्या, "तो फोन करत असता तर मी तुला कशाला केला असता?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पण मुद्दा पुढे आहे. हिपा वाचलं तर त्यात लिहिलंय, की पेशंटची हरकत नसेल तर त्याच्या उपचारांत किंवा बिल भरण्यात सहभागी असलेल्या घरच्यांना, त्यांच्या सहभागापुरती माहिती देता येते. म्हणजे कायद्याने दार लावलेलं नाही. दवाखानेच भीतीपोटी सरसकट नाही म्हणतात आणि खापर कायद्यावर फोडतात. आमच्या क्लायंटचा नियमही तोच, लेखी संमती नसेल तर बोलायचं नाही, आणि मला तो पाळावा लागतो. वर विनोद असा, की क्लेम निकाली निघाला की विमा कंपनी त्याचा हिशेब, ज्याला आम्ही ईओबी म्हणतो, तो पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याला पाठवते. काकूंना मी जे सांगू शकले नाही ते काकांच्या नावाच्या पाकिटात कोडसकट घरपोच गेलं असणार.

यावर एक तोड कायद्यात आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. उपचारांचे पूर्ण पैसे पेशंटने स्वतःच्या खिशातून भरले आणि याची माहिती माझ्या विमा कंपनीला देऊ नका असं सांगितलं, तर दवाखान्याला ते मानावंच लागतं. २०१३ च्या सुधारणेनंतर इथे नाही म्हणायची सोय राहिलेली नाही. मारहाणीत तुटलेला दात असो की घरच्यांना कळू द्यायचा नसलेला दुसरा काही उपचार, पेशंटच्या हातातलं हे सगळ्यात भक्कम हत्यार. क्लेम गेला नाही, तर ईओबीही निघत नाही.

दंतवैद्य सापडतात ते मात्र भलतीकडेच. कुणीतरी ऑनलाइन वाईट रिव्ह्यू लिहितं, डॉक्टरचा पारा चढतो आणि तो उत्तरात लिहून बसतो, तुमच्या दाताला काय झालं होतं, विम्याने किती दिले, तुम्ही किती बुडवले. पेशंटने स्वतःबद्दल चारचौघांत काहीही लिहिलं तरी डॉक्टरला ते उघड करायची मुभा मिळत नाही, तो आपला पेशंट आहे एवढंही नाही. डॅलसच्या एलिट डेंटल असोसिएट्सने २०१९ मध्ये अशाच 'येल्प'वरच्या उत्तरांपायी १० हजार डॉलर भरले. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका दंतवैद्याला २०२२ मध्ये याच कारणाने ५० हजारांचा दंड झाला. त्याच वर्षी जॉर्जियातल्या दवाखान्यांच्या एका साखळीने एका बाईला तिच्याच फाइलची प्रत द्यायला १७० डॉलर मागितले आणि तिने भरले नाहीत म्हणून प्रत अडवली. ते प्रकरण ८० हजार डॉलरवर मिटलं. फाइलची प्रत साधारण ३० दिवसांत द्यावी लागते, खर्चापुरतीच फी घेता येते, आणि जुनं बिल थकलंय म्हणून ती अडवता येत नाही.

मोठे घाव अर्थात चोरांचे. क्लेम दवाखान्यातून सरळ विमा कंपनीकडे जात नाही, मध्ये क्लिअरिंगहाउस नावाची पेढी असते. युनायटेडहेल्थ समूहातल्या चेंज हेल्थकेअर या अशाच प्रचंड पेढीवर फेब्रुवारी २०२४ मध्ये हल्ला झाला. चोर ज्या दारातून आले त्याला पासवर्डनंतरचं दुसरं कुलूपच नव्हतं. देशभर दवाखाने, औषधांची दुकानं, दंतवैद्य यांचे क्लेम आठवडेच्या आठवडे तुंबले, कंपनीने २.२ कोटी डॉलरची खंडणी दिली, तरीही १९ कोटींहून अधिक लोकांची माहिती गेलीच. त्याच्या आदल्या वर्षी एमसीएनए डेंटल या दातांच्या विमा कंपनीतून सुमारे ८९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली होती. ५०० किंवा जास्त लोकांची माहिती फुटली तर ६० दिवसांच्या आत सरकारला आणि त्या लोकांना कळवावं लागतं, आणि ज्यांच्याकडून ती फुटली त्यांची यादी सरकार वेबसाइटवर लावतं. धंद्यात त्या यादीला 'वॉल ऑफ शेम' म्हणतात. आमच्या क्लायंटच्या वकिलांना सगळ्यात जास्त धास्ती त्या यादीची.

आणि आपल्याकडे? मेडिक्लेममध्ये अपघात सोडला तर दातांचा खर्च सहसा बसत नाही. त्यामुळे क्लेम नाही, कोड नाही, होल्डवरचं संगीत नाही. आपल्या दातांचं गुपित आजवर राहिलं ते कायद्याने नव्हे, विमाच नसल्यामुळे. आता कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसींमध्ये ओपीडीबरोबर दातही येऊ लागलेत, ॲपवर एक्स-रे चढवा आणि पैसे मिळवा असा प्रकार. दुसरीकडे ओपीजीचा, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेचा, फोटो व्हॉट्सॲपवर लॅबला, लॅबचा मुलगा आणखी कुणाला, आणि 'आधी-नंतर'चे फोटो नाकडोळ्यांसकट इन्स्टाग्रामवर. २०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि संमती घेण्यासारख्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. परदेशी लोकांची माहिती कंत्राटाने इथे हाताळली जाते, तिला त्यातल्या बहुतेक कलमांतून सूट आहे, सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मात्र आहेच. म्हणजे माझ्या स्क्रीनवरचा टेक्सासचा माणूस मुख्यतः करारावर आणि माझ्या पुसलेल्या बोर्डावर विसंबून आहे.

मुलं अमेरिकेत असतील तर त्यांना काही गोष्टी आजच कळवा. मोठं काम काढण्याआधी विमा कंपनीकडून किती मिळणार याचा अंदाज लेखी मागून घ्या. इथला एक्स-रे तिकडे नेलात तर दात नंबराने सांगू नका, बाजू आणि नावाने सांगा. घरच्यांनी तुमच्या बिलाबद्दल बोललेलं चालणार असेल तर दवाखान्यात संमतीचा फॉर्म भरून ठेवा, आणि चालणार नसेल तर पैसे स्वतः पूर्ण भरून विमा कंपनीला कळवू नका असं लेखी द्या, तेही उपचार सुरू होण्याआधी. एकदा क्लेम गेला की तो परत बोलावता येतो, पण त्या कंपनीने वाचलेलं पुसता येत नाही. आणि इथे पुण्या-मुंबईत, डॉक्टरांनी तुमच्या तोंडाचा फोटो काढायला मोबाइल उचलला की विचारा, हा फोटो कुठे कुठे जाणार आहे.